खांद्याच्या ऑपरेशनला 'पाळीची गोळी' कशाला?

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातले आमचे शेजारी, ज्यांना अख्खी गल्ली काका म्हणते, पावसात ॲक्टिव्हावरून घसरले. हाड मोडलं नाही म्हणून सगळे निश्चिंत झाले. पण महिना झाला तरी हात खांद्याच्या वर जाईना. डोक्याला तेल लावायचं म्हटलं तरी काकूंना बोलवायचे. शेवटी एमआरआय काढला. खांद्यातला हात उचलणारा स्नायूंचा पट्टा, ज्याला डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात, फाटलेला निघाला. धंतोलीतल्या एका दवाखान्यात दुर्बिणीनं ऑपरेशन झालं आणि काका हात झोळीत घालून घरी आले.

खरी गंमत चार दिवसांनी झाली. विम्याच्या कागदांसाठी काकू औषधांचं बिल घेऊन बसल्या होत्या. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, त्यामुळे गल्लीतली सगळी बिलं आणि चिठ्ठ्या माझ्याकडे वाचायला येतात. एका ओळीवर बोट ठेवून काकू म्हणाल्या, "अरे, हे काऊन दिलं यांना? ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड! ही तर माझी पाळीची गोळी होय."

काका भिंतीकडे बघू लागले.

काकूंचं काही चुकलं नव्हतं. चाळिशीच्या आसपास अंगावरून फार जायचं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना हेच औषध गोळीतून दिलं होतं, आणि काकांना इंजेक्शनमधून मिळालं. पाळी आणि खांदा यांचा संबंध काय, हे सांगताना मला त्या दिवशी तासभर लागला. दोनदा चहा झाला. त्या तासाभरातलं हे लिहून काढलं आहे.

आधी हे बघा, की आत दिसतं कसं

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लेझर किंवा काहीतरी जादू येते. प्रत्यक्षात खांद्याला एक सेंटिमीटरपेक्षा लहान तीन-चार छिद्रं पाडतात. एकातून साधारण ४ मिलिमीटर जाडीची, पेन्सिलीहूनही बारीक नळी आत जाते. तिच्या टोकाला भिंग, सोबत दिवा आणि मागे कॅमेरा असतो. बाकीच्या छिद्रांतून बारीक हत्यारं जातात. सर्जनची नजर खांद्यावर नसतेच, समोरच्या पडद्यावर असते.

आता खांद्याच्या आत मोकळी जागा अशी नसते. हाडं, स्नायू, आवरणं सगळं एकमेकांना चिकटून असतं. म्हणून तिथे सलाइन सोडून जागा फुगवतात. बाजूला ३-३ लिटरच्या पिशव्या टांगलेल्या असतात, पंप लावलेला असतो, आणि ऑपरेशन चालू असेपर्यंत पाणी आत येत-जात राहतं. म्हणजे सर्जन पाण्याखाली काम करत असतो. अंबाझरी तलावाच्या काठावर उभं राहून तळ बघायचा, तसं.

पाणी स्वच्छ आहे तोवर चित्र सुंदर दिसतं. पण तर्री पोह्यातली एक चमचा तर्री ग्लासभर पाण्यात टाकून बघा. चमचाभरच असते, पण ग्लासाच्या पलीकडचं काही दिसत नाही. खांद्यात नेमकं हेच होतं. रक्त जातं थोडंच, रुग्णाच्या जिवाला त्यानं काही होत नाही, पण पडदा लाल होतो आणि सर्जन आंधळा. फाटलेल्या कडेत सुई घालायची आहे, हाडात टाच्याचा खिळा बसवायचा आहे, जवळून नसा गेल्यात, आणि समोर नुसता लाल ढग. हात थांबवून पाणी निवळण्याची वाट बघायची. असं दहादा झालं की ऑपरेशन लांबतं, भूल लांबते, खांद्यात पाणी जास्त मुरतं.

म्हणून हे औषध काकांचं रक्त वाचवायला दिलं नव्हतं. पडदा स्वच्छ राहावा, एवढ्यासाठी दिलं होतं. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे फार उपयोगी पडेल.

गुडघ्याला पट्टा बांधतात, मग खांद्याला का नाही?

काकूंच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन दुर्बिणीनंच झालं होतं, तेव्हा मांडीला हवेचा पट्टा आवळला होता. बीपी मोजायच्या पट्ट्यासारखाच, पण कितीतरी घट्ट. रक्त खाली येतच नाही, पाणी आपोआप स्वच्छ. नळाची मुख्य चावी बंद करून तोटी बदलावी, तसं.

खांद्याला ती चावीच नाही. दंडाला पट्टा बांधला तर तो खांद्याच्या खाली येतो, काही उपयोग नाही. त्याच्या वर बांधायला मानच उरते! त्यात खांद्याच्या हाडाच्या छताखालची जी फट असते, जिथे सर्जनचं बरंचसं काम चालतं, तिथल्या गादीसारख्या आवरणात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. छताचं हाड थोडं घासलं, किंवा पट्टा पुन्हा चिकटावा म्हणून हाडाचा पृष्ठभाग खरवडला, की हाडातूनही रक्त झिरपतं. झिरपणारं हाड चिमट्यात धरता येत नाही.

सगळा खेळ दाबाचा

औषधाकडे यायच्या आधी थोडं नळाकडे जाऊ. जुन्या वस्त्यांत राहिलेल्यांना हे सांगावं लागत नाही. पाइपला बारीक चीर असली आणि नळ जोरात चालू असला, तर पाणी बाहेर गळतं. नळ गेला, पाइपमधला दाब उतरला, की बाहेरचं गढूळ पाणी त्याच चिरेतून आत शिरतं. दुसऱ्या दिवशीची पहिली बादली म्हणून ओतून देतात.

खांद्यात एका बाजूला रक्तवाहिनीतला दाब, दुसऱ्या बाजूला पंपानं ठेवलेला पाण्याचा दाब. कापलेल्या वाहिनीचं तोंड म्हणजे ती चीर. पाण्याचा दाब पुरेसा असेल तर रक्त वाहिनीतच दबून राहतं, कमी पडला की ते पाण्यात मिसळतं. १९९५ साली मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. वरचं बीपी आणि त्या फटीतल्या पाण्याचा दाब यांतला फरक ४९ मिलिमीटर (बीपी मोजतात त्याच मापात) किंवा त्याहून कमी राहिला, तर रक्त थोपून राहतं. वरचं बीपी १००, पाण्याचा दाब ६०, फरक ४०: पडदा स्वच्छ. तेच बीपी १४० झालं तर फरक ८०: तर्री.

मग उपाय दोनच, पाण्याचा दाब वाढवा नाहीतर बीपी उतरवा. दोन्ही होतात, आणि दोन्हींची किंमत असते.

पाण्याचा दाब फार वाढवला की ते आजूबाजूच्या मांसात मुरतं. काकांचा खांदा पहिल्या दिवशी दुधी भोपळ्यासारखा फुगला होता, तो यामुळेच. एक-दोन दिवसांत ते आपोआप ओसरतं. क्वचित, ऑपरेशन फार लांबलं तर, सूज मानेपर्यंत चढते आणि श्वासाच्या मार्गाची काळजी घ्यावी लागते.

बीपी उतरवणं हे भूलतज्ज्ञाचं काम, आणि ते फार नाजूक आहे. खांद्याच्या ऑपरेशनला पुष्कळदा रुग्णाला आरामखुर्चीत टेकल्यासारखं बसवतात. बीपीचा पट्टा असतो दंडाला, मेंदू असतो त्याच्या वर. तिसऱ्या मजल्याच्या नळाला तळमजल्यापेक्षा धार बारीक येते की नाही? रक्ताचंही तसंच. दर सेंटिमीटर उंचीला सुमारे पाऊण मिलिमीटर दाब कमी. मेंदू पट्ट्याच्या २५ सेंटिमीटर वर असला, तर पट्ट्यावर ९० दिसताना वर ७० च्या जवळपासच पोहोचतो. २००५ मध्ये पोल आणि कलन यांनी अशा बसत्या अवस्थेत खांद्याचं ऑपरेशन होऊन मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्या चार रुग्णांची हकिकत छापली, आणि जगभरचे भूलतज्ज्ञ सावध झाले. ही गोष्ट विरळ आहे. पण 'बीपी अजून थोडं उतरवा ना' असं सर्जननं म्हटल्यावर भूलतज्ज्ञ मान हलवत नाही, त्याला कारण आहे. तिथे नकार देणारा भूलतज्ज्ञ चांगला, असं मी म्हणेन.

आणखी एक बारकी, मला फार आवडणारी गोष्ट. वर्धा रोडवर शेजारून भरधाव ट्रक गेला की दुचाकी त्याच्याकडे ओढली जाते, अनुभव असेल. वेगानं जाणारा प्रवाह बाजूचं आपल्याकडे खेचतो. खांद्याच्या एखाद्या छिद्रातून पाणी धो-धो बाहेर वाहत असेल, तर आतला प्रवाह वाहिन्यांच्या तोंडातून रक्त ओढतो. अशा वेळी पंप वाढवून उलटाच परिणाम होतो. उपाय काय, तर मदतनीसानं त्या छिद्रावर बोट ठेवायचं. बोटानं पडदा स्वच्छ होतो! औषधांवर लिहायला बसलो आहे, पण हा बिनपैशाचा उपाय न सांगता पुढे जाववत नाही.

पाण्यातच घालायचं औषध

दाबाचं गणित जमूनही लाली राहते, तेव्हा औषधं येतात. सगळ्यात जुनं आणि सरळ म्हणजे ॲड्रेनलिन. घाबरल्यावर आपण पांढरे पडतो ना? तेव्हा शरीरातलं हेच द्रव्य कातडीच्या वाहिन्या आकसून टाकत असतं. सलाइनच्या ३ लिटरच्या पिशवीत साधारण १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन मिसळलं, तर आतल्या लहान वाहिन्या आकसतात आणि झिरपणं कमी होतं. कोणाला कुठली पिशवी लावली हे सर्जनलाही न सांगता केलेल्या चाचण्यांत पडदा यामुळे जास्त स्वच्छ दिसला आहे.

अडचण ही, की हे द्रव्य रक्तात शिरलं तर हृदय धडधडतं, ठोका चुकतो, बीपी चढतं. आणि चढलेलं बीपी तर आपल्याला नकोच आहे. पिशवीत किती घातलं यात चूक झाली तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. म्हणून हृदयाचा रुग्ण असला की काही सर्जन याच्या वाटेला जात नाहीत.

रस्ता झाला की खोदायला येणारे

आता काकूंची गोळी. नागपूरकराला हे समजावणं सोपं आहे, कारण आपण सिमेंटचे रस्ते पाहिले आहेत. रस्ता होतो, पाणी मारून होतं, वाहतूक सुरू होते, आणि मग केबलवाले, नाहीतर पाइपलाइनवाले, कुदळ-जेसीबी घेऊन हजर. शरीरातही हेच चालतं. जखम झाली की रक्त गोठून गुठळी बनते. ही गुठळी फायब्रिन नावाच्या धाग्यांच्या जाळीवर उभी असते. पण गुठळी कायमची राहून चालत नाही, वाहिनी पुन्हा मोकळी व्हावी लागते. म्हणून जाळी कापणारं पथकही शरीरातच असतं, त्याचं नाव प्लाझ्मिन. जखम मोठी असली, ऑपरेशन असलं, की हे पथक कधीकधी घाई करतं. इकडे गुठळी बसतेय, तिकडे खोदकाम सुरू.

खोदायला आधी पकड लागते. जाळीच्या धाग्यांवर लायसिन नावाच्या घटकाच्या जणू मुठी असतात, त्या धरूनच पथक कामाला लागतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिसायला या लायसिनसारखंच असतं. ते पथकाच्या हातात खोटी मूठ देऊन ठेवतं. हात आधीच भरलेले, खरी मूठ धरणार कशी? रस्ता टिकतो.

यात एक गोष्ट नीट पाहा. हे औषध रक्त गोठवत नाही, जी गुठळी शरीरानं स्वतः बनवली तिला लवकर मोडू देत नाही, एवढंच. म्हणून धार लागलेली धमनी यानं थांबत नाही. तिला विजेच्या टोकानं शेकूनच बंद करावं लागतं. पाझर कमी व्हायला मात्र मदत होऊ शकते. गर्भाशयाच्या अस्तरातही हे खोदकाम जोरात चालतं, म्हणून अंगावरून जास्त जाणाऱ्या बायकांना हीच गोळी लागू पडते. पाळी आणि खांदा यांचा संबंध हा एवढाच, आणि पक्का.

काकांचा चेहरा इथे जरा सैल झाला. मग त्यांना एक गोष्ट सांगितली. हे औषध शोधलं एका बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं: जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो यांनी, १९६२ साली. उताकोबाईंना बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी औषध हवं होतं, पण प्रसूतीच्या डॉक्टरांनी बरीच वर्षं त्याची नीट चाचणीच घेतली नाही. ती झाली, २१ देशांतल्या २०,०६० बायकांवर, आणि रक्तस्रावानं होणारे मृत्यू त्यात कमी झाले. निकाल २०१७ मध्ये छापून आला. उताकोबाई २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी गेल्या होत्या. त्यांचा जन्म १९१८ चा. त्याच १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून सांध्याच्या आत डोकावून पाहिलं होतं. दुर्बीणही जपानची, औषधही जपानचं, आणि दोन्ही येऊन भेटली धंतोलीत.

बरं, पण उपयोग होतो का? सरळ सांगा

सरळ सांगायचं तर: थोडा, आणि दरवेळी नाही.

गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या मोठ्या ऑपरेशनात या औषधाचं काम पक्कं झालेलं आहे. रक्त कमी जातं, रक्ताची बाटली चढवायची वेळ कमी येते. तिथे मोजायला सोपं असतं, कारण रक्त मापात धरता येतं. खांद्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात मुळात रक्तच थोडं जातं. तिथे मोजायचं आहे 'दिसणं'. ते मोजणार कसं? बहुतेक चाचण्यांत सर्जनच दर काही मिनिटांनी पडद्याला गुण देतो, शून्य ते दहा किंवा तशाच पट्टीवर. एकाला जे सात वाटतं ते दुसऱ्याला पाच. त्यात प्रत्येक ठिकाणी बीपी वेगळं, पंप वेगळा, कुठे पाण्यात ॲड्रेनलिन आहे, कुठे नाही.

त्यामुळे निकालही मिश्र आहेत. काही चाचण्यांत ऑपरेशनच्या आधी शिरेतून दिलेल्या औषधानं पडदा जास्त स्वच्छ राहिला, काहींत ते औषध आणि साधं सलाइन यांत फरकच दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. आत सतत पाणी वाहतंय, ते बसलेल्या गुठळ्या नुसत्या जोरानं धुऊन नेऊ शकतं. खोदणाऱ्यांना थांबवलं तरी पुरानं रस्ता उखडला तर काय करणार? सप्टेंबर २०२३ चा पूर आपण पाहिला आहे. चांगलं पिचिंगही वाहून गेलं.

ॲड्रेनलिनसारखं हे औषधही सरळ पाण्यात मिसळून पाहिलं गेलं आहे. तिथे एक जपून बघण्यासारखी गोष्ट निघाली. प्रयोगशाळेत कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत थराच्या, पेशी तीव्र मात्रेतल्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमध्ये ठेवल्या तेव्हा त्या मेल्या. पातळ मात्रेत तसं झालं नाही. म्हणून सांध्यात ते किती तीव्र जातंय याला महत्त्व आहे. शिरेतून दिल्यावर हा प्रश्न तेवढा येत नाही.

माझं मत विचाराल तर क्रम असा लावा. आधी बीपी आणि पंपाचं गणित, मग छिद्रावरचं बोट, मग वाहिनी शेकणं, मग औषध. पहिल्या तीन गोष्टी ढिल्या असतील तर बिलावरची ती ओळ काही वाचवणार नाही. पण स्वस्त आहे, एका वेळचं आहे, म्हणून अनेक सर्जन देतात. त्यात मला गैर दिसत नाही.

गुठळी टिकवायची म्हणजे हार्ट अटॅकला आवतण नाही का?

हा प्रश्न काकांचा. त्यांच्या भावाला स्टेंट आहे, घरात इकोस्प्रिनची पाकिटं पडलेली असतात. एका भावाला रक्त पातळ करायची गोळी आणि दुसऱ्याला गुठळी टिकवायचं इंजेक्शन, हे त्यांना पटेना. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर हजारो रुग्णांवर शोधलं गेलं आहे.

अपघातात जखमी होऊन रक्तस्राव होणाऱ्या २०,२११ लोकांवर 'क्रॅश-२' नावाची चाचणी झाली, त्यात भारतातलेही रुग्ण होते. २०१० च्या निकालात १०० मागे मृत्यू १६ वरून १४.५ वर आले, आणि हृदय, मेंदू, फुप्फुस यांत गुठळी अडकण्याचं प्रमाण वाढलं नाही. नंतर हृदयाची सोडून इतर ऑपरेशनं होणाऱ्या ९,५३५ लोकांवर 'पॉइज-३' झाली, निकाल २०२२ चा. महत्त्वाचा रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ वर आला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या अडचणी औषध घेतलेल्यांत १४.२ टक्के, न घेतलेल्यांत १३.९. फरक बारीक, पण 'धोका नाही' असं म्हणायला आधी जी कसोटी ठरवली होती ती थोडक्यात हुकली. हेही सांगितलं पाहिजे.

आणि एक उलटी बाजू. पोट-आतड्यांतून रक्तस्राव होणाऱ्या १२,००९ लोकांना हे औषध २४ तास मोठ्या मात्रेत दिलं, त्या 'हॉल्ट-इट' चाचणीत (२०२०) फायदा काहीच झाला नाही, उलट शिरांतल्या गुठळ्या आणि फिट्स थोड्या वाढल्या. म्हणजे मात्रा आणि कालावधी दोन्ही मोजून हवेत. खांद्याच्या ऑपरेशनला बहुधा १ ग्रॅम, एकदाच, सुरुवातीला दिलं जातं. दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, आणि ते लघवीवाटे निघून जातं. म्हणूनच मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते.

औषधापेक्षा मला एका वेगळ्याच गोष्टीची भीती वाटते. याच्या काचेच्या ॲम्प्यूल पाठीत भूल द्यायच्या औषधाच्या ॲम्प्यूलसारख्या दिसू शकतात. चुकून हे मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात गेलं, तर भयंकर झटके येतात आणि माणूस दगावू शकतो. जगात असं वारंवार झाल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये इशारा काढला: दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवा, लेबल वाचा. खांद्याला भूल बहुधा मानेजवळच्या नसांत किंवा पूर्ण देतात, पाठीत नाही. पण एकाच ट्रेमध्ये सगळं मांडायची सवय सगळ्यांनाच घातक आहे.

एवढा उपद्व्याप, त्यापेक्षा उघडून का करत नाहीत?

उघडून करतात की. पूर्वी सगळे तसंच करायचे. पण खांद्यावरचा जाड गोल स्नायू बाजूला सारून किंवा फाडून आत जावं लागतं, जखम मोठी होते. आता एक प्रामाणिक गोष्ट. फाटलेला पट्टा उघडून शिवा की दुर्बिणीनं, दोन वर्षांनंतर रुग्णांना वाटणाऱ्या आरामात फरक नव्हता, असं ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणजे तुमच्या सर्जनचा हात ज्यात बसला आहे, ते बरं.

त्याहून टोचणारी गोष्ट: पट्टा फाटलेला नाही, नुसता खांदा दुखतो म्हणून छताचं हाड घासायचं ऑपरेशन पूर्वी सर्रास व्हायचं. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या चाचणीत काही रुग्णांच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काढली, हाड घासलंच नाही. त्यांना आणि हाड घासलेल्यांना आराम जवळजवळ सारखाच पडला. तेव्हा पडदा स्वच्छ कसा ठेवणार हे विचारण्याआधी, ऑपरेशन हवंच आहे का हे विचारायला लाजू नका.

भूलतज्ज्ञाला काय सांगायचं

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन दहा मिनिटं बोलतात, तेव्हा आपण 'काही नाही, सगळं ठीक आहे' म्हणून मोकळे होतो. तिथेच गडबड होते. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली होती का, पक्षाघात झाला होता का, स्टेंट आहे का, फिट्स येतात का, किडनीचा काही त्रास, बायकांच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे सगळं न विचारता सांगायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. स्टेंटवाल्यानं तर मुळीच नाही.

आपल्या भागासाठी एक गोष्ट ठळक. विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, पुष्कळ आहे. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेल्या, रुग्णांत गुठळ्या होण्याची प्रवृत्ती मुळातच जास्त असते, आणि रक्तपुरवठा बंद पडून खांद्याचं हाडही झिजतं, म्हणजे खांद्याच्या डॉक्टरकडे ते येण्याचा संभव जास्त. एसएस असेल तर सांगाच, एएस, म्हणजे एकाकडूनच दोष आलेले वाहक, असलं तरी सांगा. लग्न जमवताना लपवलं जातं म्हणून ऑपरेशनलाही लपवणारे मी पाहिले आहेत.

आणि बीपीच्या गोळीचं. वरच्या गणितावरून लक्षात आलं असेल, की ऑपरेशनच्या दिवशी तुमचं बीपी किती राहतं यावर पडद्याचं अर्धं भवितव्य ठरतं. काही गोळ्या, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारख्या, अनेक भूलतज्ज्ञ त्या सकाळी घेऊ नका म्हणतात, कारण भुलेत बीपी फार कोसळू शकतं. काही गोळ्या मात्र त्या सकाळीही चुकवायच्या नसतात. कुठली कुठे मोडते हे त्यांनाच विचारा, शेजारच्या औषधवाल्या मास्तरला नको.

काकूंचा शेवटचा प्रश्न

निघताना काकूंनी कपाटातून जुनं पाकीट काढलं. चार गोळ्या शिल्लक होत्या. "मग या देऊ का यांना? खांदा अजून जरा सुजलाच आहे."

नाही. सूज पाण्याची होती, रक्ताची नाही, आणि ती उतरतेच आहे. पडदा बंद झाला, दुर्बीण बाहेर आली, तेव्हाच या औषधाचं काम संपलं. पाकीट उलटून बघितलं तर मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. काकूंनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि काकांना सहा आठवडे झोळी काढू न देण्याचा आपला खरा उद्योग पुन्हा सुरू केला.